रबराच्या गावात बुखारी

गणिताच्या मास्तराने बायकोचं बोलणं शब्दशः घेऊ नये, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. जन्मभर मुलांना सांगत आलो, की उदाहरणात दिलंय तेवढंच धरा, पदरचं काही घालू नका. त्या सवयीने माझाच घात केला.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओसरीवर बिनदुधाची कॉफी घेत बसलो होतो. भूतानहून, त्राशीगांगच्या वरच्या आमच्या शाळेतून पत्र आलं होतं. तसं ते फोनवरच आलं होतं, पण मी जवळच्या शहरात, पाल्याला जाऊन ते कागदावर छापून आणलं. फोनवर वाचलेलं मला खरं वाटत नाही. मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, की कुर्याकोस सर आणि एलियाम्मा मॅडम यांनी आणखी दोन वर्षं राहावं अशी शाळेची इच्छा आहे, एकतीस जानेवारीपर्यंत कळवावं. अठ्ठावीस वर्षं आमचं हे असंच चाललं आहे. दहा महिने तिथल्या डोंगरावर आणि थंडीच्या सुट्टीत दोन महिने इथे दक्षिणेत, तेक्कुंपारा या आमच्या गावी, स्वतःच्या घरात. दरवर्षी मी म्हणतो की आता बस्स, आणि दरवर्षी फेब्रुवारीत बॅगा भरतो.

"या वेळी नाही म्हणून कळवू या, एली," मी म्हणालो. "घरी राहू आता."

"घरी राहून काय करू?" एलीने कप खाली ठेवला. "अच्चाया, आल्यापासून किती माणसं भेटली मला, सांगा. चर्चमध्ये, दुकानात, रस्त्यात. सगळ्यांनी दोनच प्रश्न विचारले. कधी आलात, आणि परत कधी जाणार. तिसरा प्रश्न कोणाला सुचतच नाही. शेजारच्या पेण्णम्मा चेडत्तीकडे गेले तर ती खुर्ची पुसते, मला हात लावू देत नाही कशाला. आपण पाहुणे आहोत इथे."

"राहिलो की होऊ गावचे."

"कसे होऊ? तिथे स्टाफरूममध्ये बुखारीभोवती आठ जण बसतो. भांडतो, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो, वाळत घातलेल्या मोज्यांवरून तंटे करतो. इथे सोफ्यावर बसून भिंतीकडे बघू? या घरात एक बुखारी असती, तर राहिले असते एक वेळ."

एवढं बोलून ती कंद सोलायला आत गेली. कुठल्याही शहाण्या माणसाने हा नुसता सुस्कारा धरला असता. मी पत्राच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: अट, बुखारी. निष्कर्ष, एली राहणार. खाली दोन रेघा मारल्या.

बुखारी म्हणजे लोखंडी पिंपाएवढी शेगडी. चार पाय, पोटात लाकडं, आणि पाठीतून निघून छपराबाहेर जाणारा पत्र्याचा नळ. भूतानमध्ये ती खोलीच्या मध्यभागी असते आणि हिवाळाभर सगळं आयुष्य तिच्याभोवती फिरतं. आमच्या तेक्कुंपाऱ्यात जानेवारीत दुपारी पंखा तीनवर ठेवला तरी बनियन अंगाला चिकटतं. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. पण अटीत हवामानाचा उल्लेख नव्हता.

पहिला सल्ला पेण्णम्मा चेडत्तीच्या नवऱ्याने, वर्की चेट्टनने दिला. (आमच्याकडे चेडत्ती म्हणजे ताई आणि चेट्टन म्हणजे दादा.) कुंपणापलीकडून रबराच्या झाडाला टेकून त्याने माझा आराखडा नीट ऐकून घेतला.

"सर, सांधेदुखी आहे का?"

"नाही."

"टीचरना?"

"कोणालाच काही नाही. नुसतं बसायला."

"मग बांधून टाका," तो म्हणाला. "फक्त कोणाला विचारू नका. विचारलं की नियम निघतो."

इतका मोलाचा सल्ला मला त्यानंतर महिनाभर कोणी दिला नाही, आणि तोच मी धुडकावला. भूतानात राहिलेल्या माणसाची ही खोड आहे. तिथे खिडकीला रंग द्यायचा तरी आधी विचारावं लागतं. आणि गंमत म्हणजे विचारलं की उत्तर मिळतं. मी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, बाजूला बुखारीची आकृती काढली, आकृतीला अ, ब, क अशी नावं दिली आणि पंचायत कचेरीत गेलो.

तिथल्या राजप्पन नावाच्या कारकुनाने अर्ज आधी सरळ आणि मग आडवा धरून वाचला.

"सर, हे धुराडं कुठल्या खोलीत?"

"दिवाणखान्यात."

"दिवाणखान्याला धुराडं नसतं. धुराडं दोनच ठिकाणी असतं. स्वयंपाकघरात, नाहीतर रबर वाळवायच्या धूरघरात. तुम्हाला काय हवंय?"

"मला दिवाणखान्यात हवंय."

"असं कसं चालेल? फॉर्ममध्ये तिसरा चौकोनच नाही." त्याला माझी खरोखर कीव आली असावी, कारण त्याने आवाज खाली आणला. "एक करा. दिवाणखाना स्वयंपाकघर म्हणून दाखवा. म्हणजे दोन स्वयंपाकघरं झाली. दोन स्वयंपाकघरं म्हणजे दोन कुटुंबं. दुसऱ्या कुटुंबाला वेगळा घर नंबर घ्यायचा आणि तुम्ही वेगळे राहता असं टीचरच्या सहीचं पत्र द्यायचं. झालं काम."

मी मास्तर आहे. फॉर्म रिकामा सोडणं माझ्या रक्तात नाही. मी एलीकडून सही आणली. तिने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. फक्त सहीच्या आधी "आनंदाने" असा एक शब्द स्वतःच्या हाताने घातला.

कागद सोमवारी दिला. बुधवारी दूध घालणाऱ्याने विचारलं, की दूध आता एका भांड्यात घालू का दोन? गुरुवारी मी दुकानात शिरलो तेव्हा तिथली चार माणसं एकदम गप्प झाली. शनिवारी संध्याकाळी फादर आले. आमचे फादर वयाने तीसच्या आतले, मी त्यांच्या वडिलांच्या वयाचा. ते सोफ्याच्या कडेवर बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर, इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर असं होतं. माणसं एकमेकांना दिसेनाशी होतात."

"फादर, तसं काही नाही. ही शेगडीची भानगड आहे."

"हो, हो," फादर समजुतीने म्हणाले. "स्वयंपाकघरापासूनच सुरुवात होते."

मी एलीकडे मदतीसाठी पाहिलं. ती समोरच्या खुर्चीत पदर सावरून, मान खाली घालून बसली होती. अठ्ठावीस वर्षं स्टाफरूममध्ये नकला करून हसवणारी बाई अशी बसली की मला धडकी भरते.

"सांभाळून घेते फादर," ती हळूच म्हणाली. "बघू, यांच्या वागण्यावर आहे."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये नवीन लग्न झालेल्या जोडप्यांसाठी शिबिर होतं. त्याच्या यादीत आमचं नाव सगळ्यात वर होतं. तीन तास मी बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींमध्ये बसून, बायकोचं बोलणं मन लावून कसं ऐकावं यावरचं व्याख्यान ऐकलं. मन लावून ऐकल्यामुळेच मी तिथे पोचलो होतो, हे वक्त्याला सांगायची मला फार इच्छा झाली. एली माझ्या शेजारी बसून वहीत मुद्दे उतरवून घेत होती.

सोमवारी सकाळी मी राजप्पनकडे जाऊन अर्ज मागे घेतला. "धूरघर लिहा," म्हटलं. "काय व्हायचं ते होऊ दे."

तोवर बुखारी तयार झाली होती. ती मी चौकातल्या सिबिच्चन वेल्डरला सांगितली होती. सिबिच्चनने आयुष्यभर लोखंडी फाटकं केली, दुसरं काही नाही. मी आकृती दिली होती, मापं दिली होती. पण नुसतं पिंप करणं त्याच्या हाताला पटेना. बुखारी आली तेव्हा तिच्या दारावर दोन मोर होते, अंगावर द्राक्षांचा वेल होता आणि तिला बाहेरून कडी आणि कुलपाची जागा होती.

"कुलूप कशाला रे?"

"सर, फाटकाला कुलूप नको? तुम्ही लोक दहा महिने बाहेर असता."

एलीने बुखारीभोवती एक फेरी मारली. मला वाटलं आता तिचा चेहरा उजळेल. ती मोरांना हात लावून म्हणाली, "भलतं लांबवलंत तुम्ही हे," आणि आत गेली. माझ्या उत्साहावर पाणी पडलं. पण नळ बसवायला सिबिच्चन शिडी घेऊन उभाच होता, माघार कशी घेणार? नळ खिडकीतून काढला, कारण गच्चीला भोक पाडायचं म्हणताच वर्की चेट्टनने पुढच्या पावसाळ्याचं असं वर्णन केलं की सिबिच्चनने ड्रिल खाली ठेवलं.

धूरघराची परवानगी देण्याआधी पंचायतीचा ओव्हरसियर पाहणी करणार होता. जानेवारीच्या वीस तारखेला तो आला. त्याने सोफा पाहिला, टीव्ही पाहिला, भिंतीवरची येशूची तसबीर आणि शेजारी आमच्या शाळेचा भूतानी पोशाखातला फोटो पाहिला. मग बुखारी पाहिली.

"हे धूरघर?"

"कागदावर," मी म्हणालो.

"चादरी कुठे आहेत?"

रबराच्या चिकापासून लाटलेल्या, पायपुसण्याएवढ्या चादरी धुरात टांगून वाळवतात. आमच्या गावात त्यावरच घरं चालतात. आमचं एकही झाड नव्हतं. मी कुंपणाकडे धावलो. वर्की चेट्टन आणि पेण्णम्मा चेडत्तीने हातातलं काम टाकून चाळीस ओल्या चादरी आणल्या, दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांबू बांधले आणि त्यावर त्या लटकवल्या. ओव्हरसियर सोफ्यावर बसून, दोन चादरींच्या मधून तोंड काढून कॉफी प्यायला. "चांगलं धूरघर आहे," असं म्हणून त्याने सही केली. त्याच्या नोकरीत धूरघरात कॉफी पहिल्यांदाच मिळाली असणार.

त्याच्यामागोमाग चादरी निघतील असं मला वाटलं होतं. पण रबराचा हंगाम ऐन भरात होता, पेण्णम्मा चेडत्तीचं स्वतःचं धूरघर गच्च भरलं होतं, आणि इथे आयती पेटलेली शेगडी. "राहू द्यात हं चार दिवस, टीचर," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी मागच्या दाराने, हाक न मारता आत यायला लागली. चादरी उलटायची, मोरांचं दार उघडून करवंट्या टाकायची, जाताना आमच्याच डब्यातला केळ्याचा काप तोंडात टाकायची. वर्की चेट्टन तिच्यामागून येऊन बुखारीसमोर खुर्ची ओढायचा आणि घाम पुसत पेपर वाचायचा. उकडतं म्हणून पंखा लावला की पेण्णम्मा ओरडायची, "बंद करा तो, चादरी गार पडतात!" मी माझ्याच घरात पंखा बंद करायचो.

ओल्या रबराचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना मी तो सांगू शकत नाही आणि ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. माझे शर्ट, एलीच्या साड्या, उशा, बायबल, सगळ्याला तो लागला. चर्चमध्ये आमच्या बाकावर ऐसपैस जागा मिळायला लागली.

एली राहायचं की जायचं हा विषयच काढत नव्हती. तेच मला खुपत होतं. पत्र टेबलावर तसंच पडलेलं, एकतीस तारीख जवळ आलेली. मी एकदा धीर करून म्हटलं, "बुखारी झाली, एली."

"झाली खरी," ती म्हणाली. "पण तिच्याभोवती बसून कोणी मला तोडून काही बोलतं का? चेडत्ती अजून म्हणते, टीचर तुम्ही राहू द्या, टीचर तुम्ही बसा. पाहुणीसारखंच."

त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. आपण इथले, हे मी गृहीत धरलं होतं, तिला तेच कधी मिळालं नव्हतं. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत मी तिला डोंगरावर नेलं. दर सुट्टीत ती माझ्या गावात पाहुणी म्हणून येत राहिली, आणि हे मला बुखारी बांधेपर्यंत दिसलं नाही. पत्राला होकार कळवावा असं मी मनाशी ठरवलं. दोन वर्षं आणखी, त्यात काय.

एकोणतीस तारखेला एलीने शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. जाण्याआधीचं जेवण, असं तिने म्हटलं नाही, पण मला तसंच वाटलं. तिला त्यांना भूतानची मिरची-चीजची भाजी खाऊ घालायची होती. तिथून आणलेल्या वाळक्या लाल मिरच्या तिने आधी बुखारीवर भाजायला घेतल्या. आच पुरेना, म्हणून मोरांचं दार उघडून तिने आत चांगली सुकी लाकडं कोंबली.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. मिरचीचा ठसका उठला. वर्की चेट्टन पेपरसकट बाहेर पळाला. मी खिडकी उघडायला गेलो, तर खिडकीत नळ. बुखारी लालबुंद झाली, आणि तिच्यावरच्या बांबूला टांगलेल्या चादरींवर पापडासारखे फोड यायला लागले. त्याच वेळी पेण्णम्मा चेडत्ती मागच्या दाराने हातात भाताचं पातेलं घेऊन आत आली.

"माझ्या चादरी!" पातेलं तिने सोफ्यावर आपटलं. "बारा चादरी गेल्या! डोळे कुठे होते गं तुझे?"

गं! मी खोकता खोकता थबकलो. 'टीचर' कुठे गेलं कळलं नाही.

एली पदराने डोळे पुसत वळली. "माझे डोळे? दहा दिवस माझ्या घरात हा वास घेऊन राहतेय मी! माझ्या उशीला रबर लागलंय! पंखा लावायची चोरी! तुझ्या चादरी तुझ्या घरात टांग ना!"

"टांगल्या असत्या! पाहणीला उसन्या मागायला कोण धावत आलं होतं? तुझाच नवरा ना, सोंगाड्या?"

"त्याला काही बोलायचं नाही!"

"बोलणार! शेगडी म्हणे! या उकाड्यात! आख्खं गाव हसतंय, मीच एकटी गप्प होते! तुला काय, तू जाशील परवा डोंगरावर, माझ्या चादरी कोण भरून देणार?"

"कोण जातंय?" एली अशी ओरडली की बाहेरचा वर्की चेट्टन ओसरीची पायरी चुकला. "कोण जातंय डोंगरावर? मी कुठ्ठे जात नाही! इथेच राहणार आहे, या घरात, तुझ्या नाकासमोर! बघतेच तुझं तोंड किती दिवस चालतं ते!"

पेण्णम्मा चेडत्तीने पातेलं उचललं. "बघच," म्हणाली. "आजपासून मी या दारात पाऊल टाकणार नाही. आणि तूही माझ्याशी बोलायला येऊ नकोस." ती तरातरा गेली. चादरी तशाच राहिल्या.

घरात मिरचीचा धूर भरला होता. मी एलीकडे पाहिलं. तिचे केस विस्कटले होते, डोळे लाल, नाक वाहत होतं. आणि ती हसत होती, तोंडभर.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "मला 'गं' म्हणाली. बोलणं टाकलं माझ्याशी!"

"ऐकलं. पण तू आत्ता जे म्हणालीस, जात नाही म्हणून, ते रागाच्या भरात ना?"

"मग? भांडण अर्धवट टाकून कोणी गाव सोडतं का? ती म्हणेल, घाबरून पळाली." तिने टेबलावरचं पत्र उचललं, चष्मा शोधला आणि फोनवर स्वतःच उत्तर लिहायला बसली. मी मागून वाचलं. लिहिलं होतं, की काही घरगुती कारणांमुळे आम्हाला इथे राहणं भाग आहे, शाळेला आणि सगळ्या मुलांना आमचे आशीर्वाद. शेवटची ओळ लिहिताना तिचं बोट थांबलं, आणि ती भिंतीवरच्या शाळेच्या त्या फोटोकडे पाहत बसली. मीही पाहिलं. ती शाळा आता आमची नव्हती. मग तिने डोळे पुसले आणि उत्तर पाठवून टाकलं. जेवायला आम्ही दोघंच होतो; भाजी इतकी तिखट झाली होती की दोघांनाही बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर उभा होतो. पेण्णम्मा चेडत्ती डोक्यावर चिकाची बादली घेऊन रस्त्याने चालली होती, मान आमच्या विरुद्ध बाजूला वळवून. मागे वर्की चेट्टन, बायकोची नजर चुकवून माझ्याकडे हळूच बघत. सवयीने मी हात वर केला.

"हात खाली!" दारातून एलीचा आवाज आला. "आपलं त्यांच्याशी बोलणं नाहीये."

आपलं! अठ्ठावीस वर्षांत या गावात आमचं कोणाशी वाकडं आलं नव्हतं. दोन महिन्यांत तेवढा वेळच मिळत नाही. मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना. मी हात खाली घेतला, मान फिरवली आणि जमेल तेवढा राग चेहऱ्यावर आणला.